गुळाचा खडा

(खुलताबाद येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मघाशी मला ही समई पेटवायला सांगितलं. पाचही वाती लागल्या, टाळ्या झाल्या, आणि तेवढ्यात कुणीतरी मागचा पंखा लावला. दोन वाती विझल्या. त्या भल्या माणसाचे मी आभार मानतो, कारण माझं निम्मं भाषण त्यानं पंख्याचं बटण दाबूनच करून टाकलं. कसं, ते पुढे सांगतो. तोवर समई अशीच माझ्या हाताशी राहू द्या.

विषय काय, असं संयोजकांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, धूळ. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "सर, धूळ म्हणजे... आध्यात्मिक अर्थानं का?" त्यांचीही चूक नाही. गाव सुफी संतांचं. इथे औरंगजेब मातीच्या कबरीत, उघड्या आभाळाखाली झोपलाय, जवळच मलिक अंबर आहे. मातीला माती मिळण्याबद्दल बोलायला याहून चांगली जागा कुठली? पण मी चौतीस वर्षं कारखान्यांत सेफ्टी ऑफिसरची नोकरी केलेला माणूस. माझी धूळ अगदी साधी, शिफ्टमधली. मी त्यांना उलट विचारलं, तुमच्या तालुक्यातली किती पोरं सकाळी घाट उतरून वाळूजच्या कंपन्यांत जातात? किती जण खडी क्रशरवर आहेत? ते म्हणाले, "सर, मग हाच विषय घेऊ."

तर पहिली गोष्ट. आपण धुळीला ओळखतो, असं आपल्याला वाटतं. खरंच ओळखतो का?

तुमच्यापैकी बहुतेकांनी वेरूळचं दहावं लेणं पाहिलं असेल. सुतार लेणं. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपार कलली की उजेड आत शिरतो. अशा वेळी वरच्या गवाक्षातून आलेली तिरीप बघत उभं राहा. हवा स्वच्छ वाटत होती, आणि त्या पट्ट्यात हजारो कण तरंगताना दिसतात. कौलातून आलेल्या कवडशात आपण लहानपणी हेच बघत बसायचो. कवडसा सरकला की कण गेले? गेले नाहीत. दिसायचे थांबले.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा सत्तर हजारावा भाग नव्हे (मागे एका सभेत मी असंच चुकून बोललो होतो), मिलिमीटरचे हजार भाग करा आणि त्यातले सत्तर घ्या. आपल्या अंगावर बसते, टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं, ती धूळ मोठी. ती नाकात अडकते, शेंबडातून, थुंकीतून बाहेर पडते. त्रास देते, पण जीव घेत नाही. जीव घेणारा कण दहा मायक्रॉनच्या आतला, त्यातही चार-पाचच्या खालचा. तो नाकाच्या केसांना दाद देत नाही, घशाला चिकटत नाही, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीत जाऊन बसतो. आणि तो खाली पडायला किती वेळ घेतो? एक मायक्रॉनचा दगडाचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला सुमारे तीन तास घेतो. तीन तास! जेवणाची सुट्टी होते, चहा होतो, यंत्र बंद असतं, सगळं शांत दिसतं, आणि सकाळी उडालेला कण नाकाच्या उंचीवर तसाच तरंगत असतो.

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. अंधार पडल्यावर शेडमधले दिवे घालवायचे, एक झोताचा दिवा कामगाराच्या पाठीमागून लावायचा आणि आपण समोरून, झोत डोळ्यांत न घेता बघायचं. एका फाउंड्रीत मी हे केलं. मॅनेजर म्हणत होते, आमच्याकडे धूळ नाहीच. ग्राइंडर सुरू झाला. झोतात जे दिसलं ते धुरासारखं होतं, कामगाराच्या छातीपासून वर चढत होतं, आणि त्यानं श्वास घेतला की नाकापाशी आत वळत होतं. मॅनेजर काही बोलले नाहीत. तो कामगार मात्र बोलला. म्हणाला, "साहेब, हे रोज असंच असतं का?"

बरं, किती धूळ चालेल? कायद्यानं आकडा दिलाय. १९८४ ला भोपाळ झालं, त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि हवेतल्या घातक पदार्थांच्या मर्यादा कायद्याच्या परिशिष्टात आल्या. श्वासातून आत जाणाऱ्या सिलिकाच्या धुळीसाठी तिथे एक सूत्र होतं: दहा भागिले, धुळीतल्या गारेची टक्केवारी अधिक दोन. शुद्ध गारेची धूळ असेल तर उत्तर येतं घनमीटरला सुमारे ०.१ मिलिग्रॅम. हा आकडा ऐकून कुणाच्याही डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून हिशेब करू. आठ तासांच्या शिफ्टमध्ये काम करणारा माणूस साधारण दहा घनमीटर हवा ओढतो. म्हणजे मर्यादेत राहिलं तरी दिवसाला एक मिलिग्रॅम. वर्षाच्या तीनशे शिफ्टचे तीनशे मिलिग्रॅम. भाजीत घालायला आपण मीठ उचलतो ना, चिमूटभर? तेवढं. अख्ख्या वर्षाला एक चिमूट, आणि त्याच्या पुढे गेलं की कायदा मोडला. अमेरिकेनं तर २०१६ मध्ये ही चिमूट अर्धी केली. आता मला सांगा, चिमटीतली धूळ शेडभर पसरली तर मॅनेजरला दिसणार कशी?

मी मघापासून गार म्हणतोय. सिलिका, क्वार्ट्झ, आपली गारगोटी. दोन गारगोट्या घासून ठिणगी काढायचा खेळ आपण सगळे खेळलोय. आणि इथे मला खुलताबादकरांना एक चांगली बातमी द्यायची आहे. तुमचा दगड त्या मानानं सज्जन आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून आला, त्यात मोकळी गार जवळजवळ नसते. कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, वरून खाली कोरत आणलं. लाखो टन दगड छिन्नी-हातोड्यानं काढला. त्या पाथरवटांच्या छातीचं काय झालं, हे कुठल्याही शिलालेखात नाही. पण हेच लेणं वाळूच्या दगडात कोरलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज मला करता येतो. वाळूच्या दगडात बहुतांश गारच असते. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव हिस्सा. तेव्हा काळ्या दगडावर काम करणाऱ्या आपल्या वडार बांधवांना निसर्गानं थोडी सूट दिली. थोडीच, बरं का. बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोट्या असतात, आणि गार नसलेली बारीक धूळही वर्षानुवर्षं ओढली की दम लागतोच.

वाळूजमधल्या पोरांना ही सूट नाही. फाउंड्रीत साचा बनतो वाळूचा. सिंधुदुर्गात कासार्ड्याच्या भागात जी पांढरी सिलिका वाळू निघते, तसली, जवळजवळ निव्वळ गार. गंमत बघा, साचा बनवताना ही वाळू ओली असते, हाताला चिकटते, उडत नाही. मोल्डिंगवाला म्हणेल, कुठाय धूळ? मग त्यात वितळलेलं लोखंड ओततात. वाळू भाजते, कोरडी होते, कण तडकून बारीक होतात. पुढे नॉकआउटला साचा फोडतात आणि फेटलिंगला कास्टिंगवर चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढतात. ताजी फुटलेली गार जुन्या गारेपेक्षा जास्त घातक, हे शास्त्रानं दाखवलंय. तीच वाळू, तोच कारखाना. एका टोकाला चिखल, दुसऱ्या टोकाला विष. आणि दुसऱ्या टोकाला सहसा कोण असतं? परमनंट माणूस नसतो. ठेकेदाराचा असतो.

आत गेलेला कण काय करतो, ते थोडक्यात. फुप्फुसात सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्या कणाला गिळतात. जंतू असता तर पचला असता, गार पचत नाही. पेशी मरते, कण सुटतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. या मारामारीत त्या जागी व्रण धरतो, गाठ होते. अशा हजारो गाठी. यालाच सिलिकोसिस म्हणतात. यावर औषध नाही. आणि काम सोडलं तरी आजार थांबेल याची खात्री नाही. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ही धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली.

हा आजार नवा आहे का? मुळीच नाही. म्हैसूर संस्थानानं कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी १९४० मध्येच सिलिकोसिसची नियमावली केली होती. अमेरिकेत १९३० च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट नावाचा बोगदा गारेच्या डोंगरातून कोरडाच खणला, आणि शेकडो मजूर, त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय, काही महिन्यांत-वर्षांत गेले. आपल्या शेजारी या. नंदुरबारच्या पलीकडे मध्य प्रदेशातले अलीराजपूर, झाबुआ, धार हे जिल्हे. तिथले आदिवासी गुजरातेत गार दळण्याच्या कारखान्यांत मजुरीला जात. काही महिने काम, आणि परत आले ते खोकत. २०१६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांतल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. २३८. हे न्यायालयापर्यंत पोचलेले.

इथे समोर डॉक्टर मंडळी बसली असतील, त्यांच्याशी दोन शब्द. १७०० साली रमाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं कामगारांच्या आजारांवर पहिला ग्रंथ लिहिला. त्यानं एक गोष्ट सांगितली: जुने वैद्य रोग्याला जे विचारत आले त्यात एका प्रश्नाची भर घाला. तू काम काय करतोस? तीनशे वर्षांहून जास्त काळ झाला. आपल्या केस पेपरवर हा रकाना असतो का? असला तर त्यात "मजुरी" याखेरीज काही लिहिलं जातं का? क्रशरवरचा माणूस खोकत येतो, वजन उतरलेलं, एक्स-रेवर डाग. टीबीची औषधं सुरू होतात. सहा महिन्यांनी परत, पुन्हा औषधं. आणि गुंता असा, की सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर पकडतो, त्यामुळे टीबी खराही असू शकतो. पण त्याच्या मागे बसलेला दुसरा आजार कागदावर येतच नाही. कागदावर नाही म्हणजे भरपाई नाही, म्हणजे मालकाला काही बदलायचं कारण नाही. व्यवसायजन्य आजाराचा रुग्ण बघितला तर डॉक्टरनं सरकारला कळवलं पाहिजे, हे कारखाने कायद्याचं कलम ८९ सांगत होतं. २०२० च्या नव्या कामगार-सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका.

आता मुख्य मुद्दा. धूळ आवरायची कशी?

या समईकडे बघा. मी फुंकर मारतो. इथून, हातभर अंतरावरून. गेली वात. आता दुसरी वात मी श्वास आत ओढून विझवतो. ओढतो... बघा. ढिम्म हलत नाही. आणखी जवळ जातो. नाही. अजून जवळ गेलो तर वात विझायच्या आधी माझी मिशी जळेल.

हसण्यावारी नेऊ नका. कारखान्यांत धूळ ओढायला जे पंखे आणि पाइप लावतात, त्यांतले कितीतरी याच कारणानं फुकट जातात. फुंकर लांब जाते, ओढ जात नाही. फुंकलेली हवा नळीच्या व्यासाच्या तीसपट अंतरावर गेली तरी तिचा दहावा हिस्सा जोर उरतो. ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडापासून एक व्यासभर लांब गेलात की तेवढाच जोर उरतो. एक व्यास! आठ इंची पाइप दोन फुटांवर टांगला तर धुळीच्या जागी त्याच्या ओढीचा शंभरावा हिस्साही पोचत नाही. आणि वर मघासारखा कुणीतरी भिंतीवरचा पंखा लावतो, कारण उकडतं. त्या पंख्याच्या झोतापुढे पाइपाचं काय चालणार? दोन वाती विझल्या त्या अशा.

म्हणजे धूळ जिथे जन्मते तिथेच तिला धरायची. ती हवेत गेली, शेडभर झाली, की तुमच्या हातून गेली. माझं चौतीस वर्षांचं शहाणपण एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

पण तपशिलातच माणसं मरतात, म्हणून तपशील सांगतो. सगळ्यात चांगलं म्हणजे घातक पदार्थच न वापरणं. कास्टिंग साफ करायला वाळूचा फवारा मारायची पद्धत ब्रिटननं १९४९ मध्येच बंद केली आणि त्या जागी पोलादी गोळ्या आल्या. आपल्याकडे शॉट ब्लास्टिंग म्हणतात ते हेच. ते जमत नसेल तर पाणी. तुम्ही दौलताबादहून इकडे येताना कागजीपुरा लागतं. तिथला हातकागद पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. चिंध्या फाडताना, कापताना धूळ उडते, पण एकदा त्या हौदात गेल्या की कामच ओलं. लगदा, साचा, पाणी. कुणाच्या नाकात काय जाणार?

क्रशरवाले मित्र म्हणतील, साहेब, उन्हाळ्यात मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, दगडाला कुठून मारू? प्रश्न रास्त आहे. पण आपण पाणी मारतो कसं, ते बघा. एक जाड पाइप घेऊन खडीच्या ढिगावर धार सोडतो. त्यानं खडी भिजते, चाळणी जाम होते, मालक वैतागून पाणीच बंद करतो. धार ही धुळीवरची उपाययोजनाच नाही. मोठ्या थेंबाजवळ बारीक कण आला की थेंबाभोवतीनं वळणाऱ्या हवेबरोबर तो निसटून जातो. थेंब बारीक हवा, धुक्यासारखा, आणि तो जबड्यात दगड फुटतो तिथे आणि पट्ट्यावरून खडी खाली पडते तिथे. तिथेच पत्र्याचं झाकण, पडण्याची उंची कमी. पाणीही मग थोडकं लागतं.

क्रशरचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत म्हणायची सवय म्हणून. पर्यावरण कायद्याखाली क्रशरसाठी धुळीचं मानक आहे. हवेतल्या तरंगत्या कणांत क्रशरनं टाकलेली भर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. मोजायची कुठे? यंत्रापासून ४० मीटरवर. आता मला सांगा, ४० मीटरवर कोण असतं? शेजारच्याची तूर असते, कापूस असतो, रस्ता असतो. त्यांचं रक्षण व्हायलाच पाहिजे, शेतकऱ्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण जबड्यात अडकलेला दगड पहारीनं सारणारा माणूस दोन मीटरवर उभा असतो. त्याच्यापर्यंत हे मोजमाप पोचत नाही. त्याच्यासाठी दुसरा कायदा, दुसरं खातं. आणि दहा-बारा जणांत चालणाऱ्या क्रशरला ते दुसरं खातं विचारतं का? जुन्या कायद्यात विजेवर चालणारी जागा दहा माणसांवर कारखाना ठरायची. २०२० च्या संहितेनं हा आकडा वीस केला. ४० मीटरवरची तूर कायद्यात राहिली, आणि हा माणूस कारखान्याच्या व्याख्येबाहेर गेला.

आता झाडूबद्दल. कोरड्या झाडूनं शेड झाडणं म्हणजे खाली बसलेल्या शत्रूला हात धरून उठवणं. आणि हे काम कुणाकडे? कंत्राटावरच्या बायकांकडे, यंत्रं बंद झाल्यावर, पंखेही बंद करून. दुसरं, "एअर मारणं". शिफ्ट सुटली की पोरं हवेच्या पाइपानं एकमेकांचे कपडे साफ करतात. मजा वाटते, गारही वाटतं. त्या अर्ध्या मिनिटात आत काय जातं ते मी त्या झोताच्या दिव्यात पाहिलंय. ओलं पुसा, किंवा बारीक कण धरणारी गाळणी असलेला व्हॅक्यूम वापरा. आणि कंपनीचे कपडे कंपनीतच धुवा. घरी नेले की अंगणात झटकते ती कामगाराची बायको.

मास्कबद्दल कुणीतरी विचारणारच. तुम्ही सगळे आता मास्कमधले तज्ज्ञ आहात, करोनानं केलंय. रुमाल, उपरणं, डॉक्टरी कापडी मास्क, यांनी बारीक गार अडत नाही. अडवणारा मास्क मिळतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दोन दिवसांची दाढी असली की कडेनं वाट झाली. एप्रिलमध्ये, भट्टीजवळ, आठ तास तो घालून ग्राइंडर चालवून बघा. मी एकदा दोन तास बघितला. एका कामगारानं मला सरळ विचारलं होतं, "साहेब, हे घातल्यावर तंबाखू कुठे थुंकू?" मी रागावलो होतो तेव्हा. आता वाटतं, मालकानं पाइपाचं तोंड दीड फूट पुढे आणायचं टाळलं, त्याची किंमत आम्ही त्या माणसाच्या नाकावर बांधत होतो, आणि वर त्यालाच बेशिस्त म्हणत होतो. मास्क लागतो. शेवटी लागतो, उरलेल्या धुळीसाठी.

दगड-वाळू सोडून एक वळण घेतो, कारण हा कापसाचा मुलूख. मुंबईच्या गिरण्यांत ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यातल्या कामगारांना एक विचित्र त्रास व्हायचा. रविवारी सुट्टी, आणि सोमवारी कामावर गेलं की छाती आवळून येई. मंगळवारी कमी, बुधवारी आणखी कमी. लोक म्हणत, आळस आहे, सुट्टीची नशा. तो बायसिनोसिस होता, कापसाबरोबर येणाऱ्या पाल्याच्या चुऱ्यातून आणि त्यावरच्या जंतूंच्या विषातून होणारा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामतांसारख्यांनी गिरणी कामगारांत त्याचा अभ्यास केला. आपल्या जिनिंगच्या हंगामात कुणाला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच धाप लागत असेल तर वाराची नोंद ठेवा. वार हीच निदानाची खूण आहे.

आणि शहरात फ्लॅट घेतलेल्यांनो, तुमच्यासाठीही आहे. आपल्या आयांचे ओटे कडाप्प्याचे होते, फरशी शहाबादी. दोन्ही चुनखडीच्या जातीचे, गार कमी. मग ग्रॅनाइट आला. आता "क्वार्ट्झचा ओटा" आलाय, पांढराशुभ्र, डाग न पडणारा. नावातच सांगितलंय काय आहे ते. गारेची भुकटी डिंकासारख्या रसायनात दाबून बनवतात, नव्वद टक्क्यांपर्यंत गार. स्वयंपाकघरात तो अगदी निर्धोक. पण सिंकचं भोक पाडणारं पोरगं तुमच्याच बाल्कनीत कोरडा ग्राइंडर लावून बसतं. ऑस्ट्रेलियात असं काम करणाऱ्या तरुणांना तिशी-पस्तिशीत सिलिकोसिस झाला, आणि १ जुलै २०२४ पासून त्या देशानं हा दगड बंदच केला. आपण निदान त्या पोराला एक बादली पाणी आणि ते ओतायला एक माणूस देऊ शकतो की नाही?

वेळ संपत आली, घड्याळाकडे बघणारे मला दिसतायत. झोताचा दिवा लावला त्या फाउंड्रीचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

तिथे धुळीवरचा उपाय काय होता माहितीये? गूळ. रोज शिफ्टच्या सुरुवातीला फेटलिंगच्या प्रत्येक माणसाला गुळाचा खडा. देशभर कितीतरी कारखान्यांत ही पद्धत आहे. गुळानं धूळ निघून जाते म्हणे. लखनौच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात उंदरांवर प्रयोग करून पाहिला होता, आणि गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून कण थोडे जास्त हलताना दिसले. पण उंदीर उंदराच्या जागी. घशात अडकलेल्या जाड धुळीला गूळ बरा वाटतो, लाळ सुटते, खाकरा येतो. शेवटच्या पिशवीतल्या कणाला गुळाचा पत्ता नसतो. गूळ काहीच नसता तर बरं झालं असतं. तो थोडासा बरा वाटतो, म्हणूनच त्याच्या आधारानं वीस-वीस वर्षं पंखा बसवला जात नाही.

दिव्याच्या झोतात दिसलं त्या रात्रीनंतर मॅनेजरांनी हालचाल केली. नवीन काही आणलं नाही. होता तोच पाइप, त्याला वाकडं तोंड आणि कडेला पत्र्याची पट्टी लावून ग्राइंडरच्या चाकापाशी आणला. समोरचा भिंतीवरचा पंखा बाजूला फिरवला. पिशव्यांची गाळणी चोंदलेली होती ती बदलली. दर सोमवारी ओढ मोजायची वही ठेवली. महिन्याभरानं मी पुन्हा रात्री दिवा लावला. झोतात धूळ दिसली, पण ती नाकाकडे चढत नव्हती, पाइपाच्या तोंडात वळत होती. माणसं जमून बघत होती.

मला वाटलं, कुणीतरी शाबासकी देईल. त्यांतला सगळ्यात जुना कामगार, ज्याला सगळे मामा म्हणत, तो पुढे आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, धूळ गेली ते चांगलंच झालं. पण आता गूळ बंद करणार का?"

मी म्हटलं, नाही मामा, चालू ठेवायला सांगतो. सोबत मूठभर शेंगदाणेही मागून घ्या.